लुडविग गुटमन
सर लुडविग गुटमन (३ जुलै १८९९ – १८ मार्च १९८०) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश तंत्रिकातज्ज्ञ होते. मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या आधुनिक उपचारपद्धतीचे आणि पॅरालिंपिक चळवळीचे ते जनक मानले जातात.

जीवन
गुटमन यांचा जन्म अप्पर सायलीशियातील टॉस्ट (आता पोलंडमध्ये) येथे ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात स्वयंसेवक असताना त्यांनी पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार पाहिला. तो वाचणार नाही असे डॉक्टरांनी गृहीतच धरले होते. काही आठवड्यांत शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने तो मरण पावला. हा प्रसंग गुटमन आयुष्यभर विसरले नाहीत.

१९२४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी ब्रेस्लाउ येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली काम केले. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या निर्बंधांमुळे त्यांना तेथील ज्यू रुग्णालयात जावे लागले. नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूविरोधी हिंसाचाराच्या रात्री दारात येणाऱ्या प्रत्येकाला दाखल करून घेण्याचा आदेश त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोसमोर प्रत्येकाचा आजार सांगून त्यांनी बहुतेकांची अटक टाळली. १९३९ मध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला गेले.

वैद्यकीय कार्य
१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मेरुरज्जू इजा केंद्र सुरू झाले व त्याची सूत्रे गुटमन यांच्याकडे आली. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलणे आणि मूत्राशयाची निर्जंतुक काळजी घेणे हे नियम त्यांनी कटाक्षाने पाळायला लावले.

१९४७ मध्ये त्यांनी डेव्हिड व्हिटरिज यांच्यासह रक्तवाहिन्यांवरील महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असल्यास तिच्या खालच्या रक्तवाहिन्यांवर मेंदूचे नियंत्रण राहत नाही. अशा वेळी नुसते मूत्राशय भरले तरी त्या प्रतिक्षिप्त क्रियेने आकुंचन पावतात आणि रक्तदाब धोकादायक पातळीला जातो. मेंदू फक्त हृदयाची गती कमी करू शकतो आणि इजेच्या वरच्या रक्तवाहिन्या रुंदावू शकतो. त्यामुळे तीव्र डोकेदुखी होते, चेहरा लाल होतो व नाडी मंदावते. मूत्राशय रिकामे करताच बहुधा रक्तदाब उतरतो. हे ज्ञान आजही अशा रुग्णांचे प्राण वाचवते.

लुळे पडलेले स्नायू वापराअभावी क्षीण होतात किंवा आखडतात, म्हणून शाबूत स्नायू बळकट करण्यावर त्यांचा भर होता. पाठीच्या रुंद स्नायूला मज्जातंतू मानेतून मिळतात, पण तो खाली कटिभागापर्यंत पोहोचतो. त्यामुळे कमरेखाली संवेदना नसलेल्या रुग्णालाही तोल सांभाळण्यास तो मदत करतो. धनुर्विद्येने हे स्नायू बळावतात, हे त्यांनी हेरले.

क्रीडा चळवळ
२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू सहभागी झाल्याने तिला आंतरराष्ट्रीय रूप आले. १९६० मध्ये रोमला झालेली स्पर्धा पहिली पॅरालिंपिक मानली जाते. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले ते सैनिक होते.

सन्मान व निधन
गुटमन यांना १९६६ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि १९७६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.