तर्काला बीजगणित देणारा जॉर्ज बूल

तर्कशास्त्र हा कला शाखेचा विषय आणि संगणक हा विज्ञान शाखेचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या दोहोंना जोडणाऱ्या जॉर्ज बूलची ओळख माझ्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील जोडे शिवत, पण त्यांचे चित्त दुर्बिणीसारखी उपकरणे करण्यात अधिक रमे. शेवटी धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी बूलला शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरावी लागली. आईवडील व भावंडांचा भार त्याच्यावरच पडला. विद्यापीठात शिकणे त्याच्या नशिबी नव्हते. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. मुलांना शिकवून उरलेल्या वेळात तो लाग्रांज, लाप्लास यांचे कठीण ग्रंथ एकट्याने वाची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझेही वय आज एकोणीसच. त्यामुळे त्याच्या चरित्रातील हा भाग मला फार जवळचा वाटतो.

१८४४ साली रॉयल सोसायटीने त्याच्या निबंधास सुवर्णपदक दिले. १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला, तोही कोणतीही पदवी नसताना! विचारांच्या नियमांवरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १८५४ साली निघाला.

बूलने विधानांची समीकरणे केली. समजा, क म्हणजे शेतकरी, ख म्हणजे माणसे आणि ग म्हणजे मर्त्य प्राणी. दोन अक्षरे शेजारी लिहिली, की दोन्ही वर्गांत मोडणारे घ्यायचे. सर्व शेतकरी माणसे आहेत, म्हणजे क = कख. सर्व माणसे मर्त्य आहेत, म्हणजे ख = खग. आता पहिल्या समीकरणात ख च्या जागी खग लिहा. क = कखग असे मिळेल. पण कख म्हणजे क च; म्हणून क = कग. सर्व शेतकरी मर्त्य आहेत, हे सिद्ध झाले! अॅरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलेले अनुमान असे कागदावर सोडवता आले. शिवाय एकच वर्ग दोनदा घेतला तरी तोच राहतो, म्हणजे कक = क. संख्यांमध्ये हा नियम ० आणि १ या दोनच पाळतात.

१८६४ साली बूल भर पावसात सुमारे ३ मैल चालत कॉलेजात गेला आणि ओल्या कपड्यांनीच त्याने व्याख्यान दिले. त्यातून न्यूमोनिया होऊन ८ डिसेंबर रोजी, अवघ्या ४९ व्या वर्षी, तो निवर्तला. मागे पत्नी मेरी व पाच मुली होत्या. पुढे १९३७ साली अमेरिकेतील क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या स्विचांची जुळणी बूलच्या बीजगणितानेच मांडता येते. संगणकाच्या अभ्यासक्रमात ते आज आरंभीच शिकवले जाते.

सिद्धता तपासताना पायरी बरोबर की चूक, एवढेच पाहतात; मांडणाऱ्याचे वडील काय करीत, हे कोणी विचारीत नाही. आमच्यासारख्यांना याहून मोठा आधार कोणता? तेव्हा संगणक शिकणाऱ्या मित्रांनी एकदा आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला येऊन बसावे, आणि आम्हीही वही घेऊन त्यांच्या तासाला जावे.

(द्वितीय वर्ष, कला)