प्राचार्यांनी घर गहाण टाकलं आणि खाशाबांनी देशाला पदक आणून दिलं

२०२१ मध्ये नीरज चोप्रानं टोकियोत भालाफेकीचं सुवर्ण जिंकलं आणि हरियाणा सरकारनं ६ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. पण स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या मराठी गड्याला स्पर्धेला जाण्यासाठीच वर्गणी गोळा करावी लागली होती.

ते होते खाशाबा दादासाहेब जाधव.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना त्यांनी मैदानं गाजवली.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले. अडचण एकच होती. सगळा सराव लाल मातीतला आणि तिथं कुस्ती मॅटवर. मातीत पाय रुततो, मॅटवर तसा आधार मिळत नाही. शिवाय वेळ ठरलेली आणि चितपट झाली नाही तर गुणांवर निकाल. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

पुढचं ऑलिंपिक होतं १९५२ चं, हेलसिंकीत. पण जायला पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी निघाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले.

या वेळी खाशाबा बँटमवेट गटात उतरले. कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी मात्र लढत लांबली आणि ती त्यांनी गमावली. थकलेल्या अंगानंच सोव्हिएत मल्लाशी लढावं लागलं, तिथंही हार झाली. तरी कांस्यपदक पक्कं झालं होतं.

ते परतले तेव्हा कराड स्टेशनवरून शंभरहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्कार झाले, पण खाशाबांना आठवत होतं ते गहाण पडलेलं घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या घेतल्या आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसच्या रूपानं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० मध्ये, मरणोत्तर.

आज त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.