हातातले विजेतेपद सोडणारा प्रशिक्षक

१९६२ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात एका बास्केटबॉल प्रशिक्षकाने राजीनामा दिला. संघ हरत होता म्हणून नव्हे. ‘क्लीव्हलँड पाइपर्स’ हा संघ त्या वेळी विजेतेपदाच्या शर्यतीत होता आणि तीन महिन्यांनी तो विजेताही ठरला. चषक उंचावला तेव्हा मात्र प्रशिक्षकाच्या जागेवर दुसराच माणूस उभा होता. राजीनामा देणाऱ्याचे नाव जॉन मॅक्लेंडन. व्यावसायिक लीगमध्ये गोरे आणि काळे खेळाडू एकत्र असलेल्या संघाची धुरा सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. एवढ्या कष्टाने मिळालेले पद त्यांनी आपल्या खेळाडूंच्या पगारासाठी सोडले.

मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा या गावी झाला. शिक्षण कॅन्सस सिटीत झाले. शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्यासाठी १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना जेम्स नेस्मिथ हे गुरू लाभले. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल या खेळाला जन्म देणारे ते हेच नेस्मिथ. खेळाच्या जनकाकडून खेळाचे धडे घेण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. मॅक्लेंडन त्यांपैकी एक होते. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे दार मात्र काळ्या विद्यार्थ्यांना बंद होते. परिणामी, नेस्मिथ यांचा हा शिष्य विद्यापीठाकडून एकही सामना खेळू शकला नाही.

जलतरण तलावाची गोष्टही अशीच. पदवीसाठी पोहणे येणे आवश्यक होते आणि काळ्या विद्यार्थ्यांना तलावात उतरण्यास मज्जाव होता. मॅक्लेंडन एके दिवशी सरळ पाण्यात उतरले. त्यानंतर तलावातील पाणी काढून टाकण्यात आले. परंतु ते हटले नाहीत आणि नेस्मिथही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर तलाव सर्वांसाठी खुला झाला. आवाज न चढवता, पण तसूभरही मागे न सरता आपले म्हणणे पुढे रेटायचे, ही मॅक्लेंडन यांची पद्धत तेव्हापासूनची. पुढे क्लीव्हलँडमध्ये जे घडले, त्याची मुळे येथे सापडतात.

१९३७ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात रुजू झाले आणि काही वर्षांतच मुख्य प्रशिक्षक बनले. त्या काळचे बास्केटबॉल संथ होते. चेंडू पुढे न्यायचा, थांबायचे, रचना लावायची आणि मग बास्केटकडे वळायचे. मॅक्लेंडन यांनी हा क्रम मोडला. प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच धावत जाऊन गुण मिळवणारा ‘फास्ट ब्रेक’ त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने विकसित केला. बचावही आपल्या बास्केटखाली न करता संपूर्ण कोर्टभर करायचा, हा त्यांचा दुसरा आग्रह. यासाठी दमसास लागतो. त्यामुळे त्यांच्या खेळाडूंना आधी धावावे लागे, चेंडू नंतर हाती येई.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती बंद दाराआड. १२ मार्च १९४४ या रविवारी सकाळी, डरहॅममधील बहुतेक लोक चर्चमध्ये असताना, शहरातीलच ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतील गोऱ्या खेळाडूंचा संघ मॅक्लेंडन यांच्या महाविद्यालयात आला. काळ्या आणि गोऱ्या संघांनी एकत्र खेळणे हे त्या राज्यात तुरुंगवासाला, किंबहुना त्याहूनही वाईट प्रसंगाला निमंत्रण देणारे होते. व्यायामशाळेची दारे आतून लावून घेण्यात आली. प्रेक्षक नव्हते. मॅक्लेंडन यांच्या संघाने हा सामना ८८-४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडू एकमेकांत मिसळून आणखी एक सामना खेळले. या ‘गुप्त सामन्या’ची हकीकत जगासमोर आली ती १९९६ मध्ये, म्हणजे तब्बल ५२ वर्षांनी. आपला एवढा मोठा विजय अर्धे शतक पोटात ठेवणारे प्रशिक्षक क्रीडाविश्वात विरळाच.

१९५४ मध्ये मॅक्लेंडन नॅशव्हिल येथील टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयात गेले. त्याच वर्षी कॅन्सस सिटीतील एका स्पर्धेचे निमंत्रण आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली : इतर संघ ज्या हॉटेलात उतरतील आणि जेवतील, तेथेच आमचीही सोय झाली पाहिजे. अट मान्य झाली. पुढे याच शहरात, १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे, त्यांच्या संघाने ‘एनएआयए’चे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक तोपर्यंत कोणालाही साधली नव्हती. आता व्यावसायिक संघाचे बोलावणे यायला हवे होते; परंतु ‘एनबीए’मध्ये काळ्या प्रशिक्षकाचा विचारही होत नव्हता. आले ते क्लीव्हलँडमधील पाइपलाइन व्यवसायातील उद्योजक एड स्वीनी यांचे. संघाचे ‘पाइपर्स’ हे नावही या व्यवसायातूनच आले होते.

पाइपर्स त्या वेळी औद्योगिक संघांच्या लीगमध्ये खेळत असे. आपल्याकडे बँका आणि रेल्वेचे संघ असतात, त्याच धर्तीची ही लीग. खेळाडू कागदोपत्री हौशी, कंपनीत नोकरीला. खेळ मात्र अव्वल दर्जाचा. मॅक्लेंडन यांनी टेनेसीतील आपले जॉन बार्नहिल, बेन वॉर्ली यांच्यासारखे खेळाडू क्लीव्हलँडला आणले आणि त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर धावायला लावले. १९६० च्या रोम ऑलिंपिकला निघालेल्या, ऑस्कर रॉबर्टसन आणि जेरी वेस्ट यांचा समावेश असलेल्या अमेरिकी संघाला पाइपर्सने सराव सामन्यात पराभूत केले. १९६१ मध्ये पाइपर्सने औद्योगिक लीगबरोबर ‘एएयू’ची राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. त्याच वर्षी मॅक्लेंडन संघ घेऊन सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले आणि एकही सामना न गमावता परतले. शीतयुद्धाच्या ऐन भरात, ज्या देशाच्या दक्षिणेत त्यांना अनेक हॉटेलांत प्रवेश नव्हता, त्या देशाचा मान त्यांनी परक्या भूमीवर राखला.

येथवर सारे सुरळीत होते. याच सुमारास संघाची मालकी जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्या गटाकडे आली. जहाज व्यवसायातील घराण्याचे हे चिरंजीव तेव्हा जेमतेम तिशीचे होते. पुढे १९७३ मध्ये ‘न्यूयॉर्क यांकीज’ हा बेसबॉल संघ विकत घेऊन त्यांनी प्रशिक्षक बदलण्याचे जे विक्रम केले, त्याची तालीम क्लीव्हलँडमध्ये झाली म्हणायला हरकत नाही.

पाइपर्स व्यावसायिक झाले ते १९६१ च्या हंगामात. हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे मालक एब सॅपरस्टाइन यांना लॉस एंजलिसमध्ये ‘एनबीए’चा संघ हवा होता, मिनियापोलिसचे लेकर्स १९६० मध्ये तेथे गेल्याने त्यांची संधी हुकली. चिडलेल्या सॅपरस्टाइन यांनी आठ संघांची ‘अमेरिकन बास्केटबॉल लीग’ उभी केली. लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण देण्याची कल्पना या लीगने राबवली. ‘एनबीए’ने ती १९७९ मध्ये स्वीकारली आणि आज शाळकरी मुलेही त्याच रेषेमागून नेम धरतात. कल्पना उत्तम, तिजोरी मात्र रिकामी, अशी लीगची अवस्था होती. एक संघ तर थेट हवाई बेटांवर होता. विमानप्रवासाचा खर्चच डोईजड होई.

स्टाइनब्रेनर यांना जिंकण्याची घाई होती. सिराक्यूज नॅशनल्सचा डिक बार्नेट, जो टेनेसीत मॅक्लेंडन यांच्याच हाताखाली तयार झाला होता, तो क्लीव्हलँडकडे वळला. सिराक्यूजने न्यायालयात धाव घेतली. तरीही बार्नेट त्या हंगामात पाइपर्सकडून खेळला. संघ बलाढ्य झाला, पण प्रेक्षक येईनात आणि पैसा पुरेना. पराभवानंतर मालकांचा पारा चढे. हवाई चीफ्सविरुद्धच्या एका सामन्यात तर त्यांनी ग्रेडी मॅकॉलम या आपल्या खेळाडूला मध्यंतरातच प्रतिस्पर्धी संघाला विकून टाकले. खेळाडू म्हणजे गोदामातील माल, असा हा व्यवहार होता. पाठोपाठ खेळाडूंचे पगार रखडले.

मॅक्लेंडन यांच्यासाठी हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. ज्या मुलांना त्यांनी विश्वासाने क्लीव्हलँडला आणले होते, त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभे राहायचे, हा होता. त्यांनी आपली नाराजी जाहीर केली आणि पद सोडले. देशात कृष्णवर्णीयांना मिळालेली अशी दुसरी जागा नव्हती, हे ठाऊक असूनही सोडले. त्यांनी थोडे सोसायला हवे होते, असे म्हणणारे म्हणतील. पण सोसण्याच्या बाबतीत त्यांना शिकवण्याचा अधिकार कोणाला होता, हाही प्रश्नच आहे.

त्यांच्या जागी बिल शारमन आले. त्यांचा लॉस एंजलिस जेट्स हा संघ हंगामाच्या मध्यावरच बुडाला होता. एप्रिल १९६२ मध्ये पाइपर्सने कॅन्सस सिटी स्टीअर्सला ३-२ असे नमवून विजेतेपद मिळवले. अखेरचा सामना कॅन्सस सिटीतच झाला. मॅक्लेंडन यांनी तीन विजेतेपदे मिळवली तेच शहर. धावणारा, रेटणारा हा संघ त्यांनीच घडवला होता. नोंदवहीत मात्र शारमन यांचे नाव लागले.

यानंतर पाइपर्सचा अंत झपाट्याने झाला. स्टाइनब्रेनर यांनी ओहायो स्टेटचा तारा जेरी लुकस याला करारबद्ध केले आणि त्याच्या बळावर ‘एनबीए’चे दार ठोठावले. दार उघडलेही; पण प्रवेशासाठी लागणारी रक्कम मुदतीत उभी राहिली नाही. १९६२ च्या उन्हाळ्यातच संघ गुंडाळला गेला. लुकस वर्षभर घरी बसला आणि १९६३ मध्ये सिनसिनाटी रॉयल्सकडून मैदानात उतरला. खुद्द लीगही ३१ डिसेंबर १९६२ रोजी बंद पडली. व्यावसायिक संघ म्हणून पाइपर्सचे आयुष्य अवघ्या एका हंगामाचे ठरले.

मॅक्लेंडन यांना क्लीव्हलँडने पुन्हा बोलावले. १९६६ मध्ये ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. प्रामुख्याने गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात असे पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी बोस्टन सेल्टिक्सने बिल रसेल यांना प्रशिक्षक नेमले आणि ‘एनबीए’ची कोंडी फुटली. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्सने मॅक्लेंडन यांना व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आणखी एक संधी दिली खरी. परंतु अवघ्या २८ सामन्यांनंतर ती संपली. पुढची अनेक वर्षे ते ‘कॉन्व्हर्स’ या बूट कंपनीसाठी देशोदेशी बास्केटबॉलचे धडे देत फिरले.

स्प्रिंगफील्ड येथील सन्मान दालनावर नेस्मिथ यांचे नाव आहे. १९७९ मध्ये या दालनाने मॅक्लेंडन यांना सन्मानित केले ते खेळाला योगदान देणारी व्यक्ती म्हणून. प्रशिक्षक म्हणून नव्हे. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी क्लीव्हलँडलगतच्या क्लीव्हलँड हाइट्स येथे त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक या नात्याने त्यांचे नाव त्या यादीत दाखल झाले ते २०१६ मध्ये.