रॉनचा सॅक्सोफोन

आमच्या हॉस्टेलवर सकाळी कोणी कोणत्या गाण्यानं उठायचं यावरून रोज भांडणं होतात. माझा रूम पार्टनर मोबाईलवर सहाचा गजर लावतो, जोरात भक्तिगीत सुरू होतं, आणि तो सोडून अख्खा मजला जागा होतो! अशाच एका भांडणात कुणीतरी माहिती पुरवली की अंतराळवीरांनाही गाणं लावूनच उठवायचे. मला वाटलं थाप आहे. शोधलं, तर चक्क खरं निघालं.

कारणही आपल्याला पटेल असं आहे. यान साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय. उजाडलं म्हणून उठायचं ठरवलं तर माणूस झोपणार कधी? मग सकाळ कधी झाली हे ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षानं ठरवायचं आणि गाणं लावून तसं वर कळवायचं. डिसेंबर १९६५ च्या जेमिनी ६ पासून याच्या नोंदी सापडतात. पुढे स्पेस शटलच्या काळात, म्हणजे १९८१ ते २०११, ही रोजचीच रीत झाली. कधी घरचे गाणं निवडायचे, कधी कॉलेजचं गीत लागायचं. आपल्या कल्पना चावलासाठी २००३ मध्ये डीप पर्पलचं गाणं लागलं होतं.

हे वाचता वाचता एक माणूस भेटला आणि मी तिथंच थांबलो. बाकी सगळ्यांचं संगीत जमिनीवरून वर जात होतं. याला वरून खाली पाठवायचं होतं. नाव रोनाल्ड मॅकनेअर.

रॉनचा जन्म २१ ऑक्टोबर १९५० चा, अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनामधल्या लेक सिटी नावाच्या लहानशा गावातला. वडील गाड्या दुरुस्त करायचे, आई शिक्षिका. घर काळ्या लोकांच्या वस्तीत. सुट्टीत पोरं तंबाखूच्या आणि कापसाच्या शेतात मजुरीला जायची. शाळा वेगळी, वस्ती वेगळी, आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय नावालाच सार्वजनिक.

१९५९ ची गोष्ट. नऊ वर्षांचा रॉन एकटाच चालत त्या वाचनालयात गेला. विज्ञानाची पुस्तकं निवडली आणि रांगेत उभा राहिला. तिथल्या बाईंनी सांगितलं की इथं काळ्यांना पुस्तकं मिळत नाहीत, निघाला नाहीस तर पोलिसांना बोलावीन. तर हा पठ्ठ्या काउंटरवर चढून बसला, वाट बघत! दोन पोलीस आले, मागोमाग घाबरलेली आईही आली. पोलिसांनी बघितलं तर गुन्हेगार म्हणजे टेबलावर पाय हलवत बसलेलं एक पोर. शेवटी पुस्तकांची हमी आईनं घेतली आणि रॉन पुस्तकं घेऊनच घरी गेला. मी नऊ वर्षांचा असताना वाचनालयातल्या बाईंनी नुसतं डोळे वटारून बघितलं असतं तरी पळालो असतो.

शाळेत सॅक्सोफोन हातात आला तो कायमचाच. आपल्याकडे सॅक्सोफोन म्हटलं की लग्नाच्या वरातीतला बँडच आठवतो, पण तिकडे तो जाझचा राजा. १९६७ मध्ये शाळेत पहिला येऊन रॉन ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी या विद्यापीठात गेला. तिथं भौतिकशास्त्र झेपेल का या शंकेनं तो संगीताकडे वळायच्या बेतात होता. एका समुपदेशक बाईंनी त्याला धीर दिला आणि तो भौतिकशास्त्रात टिकला. सॅक्सोफोन मात्र सोडला नाही. मी स्वतः बारावीपर्यंत बासरी वाजवायचो. सीईटीच्या वर्षी ती कपाटात गेली ती गेलीच, म्हणून हे वाचताना थोडं टोचलं.

१९७१ मध्ये पदवी, मग थेट एमआयटी. विषय लेसर: तीव्र लेसर झोतानं रेणूंमध्ये ऊर्जा कशी शिरते आणि त्यांची कंपनं कशी वाढतात. काम रंगात आलेलं असताना जवळजवळ दोन वर्षांच्या प्रयोगांच्या नोंदी गहाळ झाल्या. मित्रांनो, सबमिशनच्या आधी माझ्या पेन ड्राईव्हनं मान टाकली तेव्हा मी दोन दिवस मेसमध्येही गेलो नव्हतो, आणि त्यात होता फक्त एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट. रॉननं सगळे प्रयोग पुन्हा लावले, वर्षभराच्या आत नवी मोजमापं घेतली आणि १९७६ मध्ये पीएच.डी. मिळवली. याच काळात चर्चमध्ये मुलांना कराटे शिकवणं चालू होतं. कराटेत ब्लॅक बेल्ट, सॅक्सोफोन, लेसर! आपल्याला नुसत्या एम-थ्रीनं घाम फुटतो.

लग्न, मालिबूच्या ह्यूजेस संशोधन प्रयोगशाळेत नोकरी, हे पटपट झालं. १९७८ मध्ये नासानं आठ हजारांवर अर्जांतून पस्तीस जण निवडले, त्यात मॅकनेअर होता.

फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून तो पहिल्यांदा अंतराळात गेला. ही मोहीम जगाला आठवते ती ब्रूस मॅकँडलेसमुळे, कारण तो यानाला दोरीनं न बांधता अवकाशात तरंगणारा पहिला माणूस. पण त्याच यानात एक जण छोटा सोप्रानो सॅक्सोफोन घेऊन आला होता. तो वाजवतानाचा त्याचा फोटो आहे, जरूर बघा. फुंकून वाजवायच्या वाद्यात श्वासातल्या वाफेचं पाणी जमतं हे बासरीवाल्याला माहीत असतं. जमिनीवर ते ओघळून जातं. तिथं ओघळायला खाली अशी दिशाच नाही, पाणी आतच चिकटून राहणार. आपल्या फ्लुईड मेकॅनिक्सच्या सरांनी व्हायव्हाला विचारावा असा प्रश्न आहे हा.

मग आला फ्रेंच संगीतकार जाँ मिशेल जार. ५ एप्रिल १९८६ ला ह्यूस्टनमध्ये गगनचुंबी इमारतींवर प्रकाशचित्रं टाकून त्याचा प्रचंड कार्यक्रम ठरला होता. टेक्सासची आणि ह्यूस्टन शहराची दीडशे वर्षं, शिवाय नासाच्या तिथल्या केंद्राची पंचवीस. बेत असा होता की त्यातल्या शेवटच्या रचनेतला सॅक्सोफोन मॅकनेअरनं पुढच्या फेरीत यानातच वाजवून ध्वनिमुद्रित करायचा. अंतराळात मुद्रित झालेली ती पहिली नवी रचना ठरली असती.

ती पुढची फेरी म्हणजे २८ जानेवारी १९८६ चं चॅलेंजर.

त्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. उड्डाणाच्या वेळी तापमान २ अंश सेल्सियसच्या आसपास. उजव्या बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी ओ-रिंगा थंडीनं कडक झाल्या, सांधा नीट बंद झाला नाही, तप्त वायू बाहेर पडला. ७३ सेकंदांत सगळं संपलं, सातही जण गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीत उडवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं वरच्या साहेबांनी बाजूला सारलं. ओ-रिंग आम्ही हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये बोटावर अंगठीसारखी फिरवत बसतो. आता ती हातात घेतली की कसंतरीच होतं.

मॅकनेअर ३५ वर्षांचा होता, दोन लहान मुलं मागे. मोहीम साधारण सहा दिवसांची होती. त्यांना उठवायला एकही गाणं लागलं नाही, कारण वर त्यांची एकही सकाळ झाली नाही.

जारनं कार्यक्रम रद्द करायचा विचार केला होता, पण रॉनच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला. एप्रिलच्या त्या रात्री दहा लाखांवर लोक जमले आणि सॅक्सोफोन कर्क व्हेलम यानं वाजवला. ती रचना आता रॉनच्या नावानंच ओळखली जाते. लेक सिटीतल्या त्या जुन्या वाचनालयाच्या इमारतीत आज त्याचं संग्रहालय आहे.

परवा मी ती रचना रूमवर लावली. पार्टनर पांघरुणातून तोंड बाहेर काढून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग उद्यापासून गजराला हीच लावू या म्हणाला. मी नको म्हटलं. साडेआठचं लेक्चर होतं, बादल्या घेऊन दोघंही खाली पळालो.