विश्लेषण : निवडक तोडीने जंगल टिकते का? हत्तीवरून साग मोजणाऱ्या डिट्रिच ब्रँडिस यांची गोष्ट काय सांगते?

मोठी झाडे तेवढी तोडायची, लहान राखायची, म्हणजे जंगलही राहते आणि लाकूडही मिळते. निवडक वृक्षतोडीचा हा नियम ऐकायला सोपा आहे. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, सागाच्या जंगलात १८५६ मध्ये एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तो आकड्यांत बसवला. पुढे हाच माणूस भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याने घालून दिलेल्या पद्धतीला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. एवढ्या काळात जंगलाच्या वाढीवर आणि लाकडाच्या प्रतीवर तिचा काय परिणाम झाला?

ब्रँडिस कोण होते?

डिट्रिच ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन शहरात झाला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. ते ग्रीसच्या ओटो राजाचे सल्लागार म्हणून अथेन्सला गेले, त्यामुळे ब्रँडिस यांच्या लहानपणाचा काही काळ तिथे गेला. कोपनहेगन, गटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण घेऊन ते १८४९ पासून बॉन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. जंगल चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता.

भारताशी त्यांचा संबंध आला तो लग्नामुळे. त्यांच्या पत्नी रेचल या बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. रेचल यांच्या बहिणीचे पती हेन्री हॅवलॉक हे ब्रिटिश लष्करातील बडे अधिकारी होते. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले. सागाची जंगले सांभाळायला डलहौसींना शास्त्र जाणणारा माणूस हवा होता. १८५६ च्या सुरुवातीला ब्रँडिस पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

ब्रिटिशांना सागाची एवढी चिंता का होती?

साग पाण्यात कुजत नाही, त्याला वाळवी सहज लागत नाही आणि तो फारसा वाकत नाही. त्यामुळे जहाजबांधणीत त्याला तोड नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलबारचा चांगला साग संपत आला. १८४० च्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड सुरू करावी लागली. मुंबई इलाख्यातही १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमण्यात आले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि लाकडाच्या मागणीत रेल्वेच्या स्लीपरची भर पडली.

ब्रह्मदेशातही वेगळे चित्र नव्हते. दक्षिणेकडील टेनासेरिम प्रांतात खासगी व्यापाऱ्यांना तोडीचे परवाने दिले होते. त्यांनी काही दशकांतच जवळची उत्तम जंगले रिकामी केली. १८५२ च्या दुसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धानंतर पेगू ब्रिटिशांकडे आले. तिथेही तसेच होऊ नये म्हणून १८५५ मध्ये डलहौसींनी साग ही सरकारी मालमत्ता असल्याचे धोरण जाहीर केले. ते प्रत्यक्षात आणण्याचे काम ब्रँडिस यांच्यावर आले.

जंगलातली झाडे मोजली कशी?

किती तोडायचे हे ठरवण्याआधी किती आहे हे कळायला हवे होते. प्रत्येक झाड मोजणे अशक्य होते. ब्रँडिस हत्तीवर बसून डोंगरधारांवरून आणि ओढ्यांच्या काठाने ठरावीक रेषांवर फिरू लागले. हातात बांबूच्या चार कांबी असत. घेरानुसार झाडांचे चार वर्ग केले होते आणि प्रत्येक वर्गाला एक कांब. वाटेच्या दोन्ही बाजूंना साग दिसला की त्या वर्गाच्या कांबीवर चाकूने एक खाच पाडायची. दिवसअखेर खाचा मोजल्या की त्या पट्ट्यातील सागाचा हिशेब मिळे. आज नमुना पाहणी म्हणतात ती हीच.

सहा फूट आणि त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात, साडेचार ते सहा फुटांची दुसऱ्या वर्गात, दीड ते साडेचार फुटांची तिसऱ्या वर्गात आणि त्याहून बारीक झाडे चौथ्या वर्गात होती. तोड फक्त पहिल्या वर्गाची करायची होती.

मग तोडीचे गणित काय होते?

दुसऱ्या वर्गातील साग पहिल्या वर्गात जायला सुमारे २४ वर्षे लागतील, असा ब्रँडिस यांचा अंदाज होता. म्हणून दरवर्षी पहिल्या वर्गातील झाडांपैकी चोविसावा भागच तोडायचा, असे ठरले. २४ वर्षांनी आजची मोठी झाडे संपतील, पण तोवर त्यांच्या जागी तेवढीच झाडे तयार असतील. बँकेतली मुद्दल न मोडता व्याजावर भागवावे, तसा हा हिशेब होता.

तोडीची रीत जुनीच ठेवली. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि त्याखालचे कोवळे लाकूड कापून कडे पाडत. झाड उभ्या उभ्या मरे आणि दोन-तीन वर्षांत वाळे. मग ते पाडून हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत ओढत नेत. पावसाळ्यात ते पुरासोबत वाहत जात आणि पुढे तराफे बांधून रंगूनला पोहोचत. कोणत्या झाडाला कडे पाडायचे हे ठरवण्याचा अधिकार ब्रँडिस यांनी वन खात्याकडे ठेवला. पद्धतीचा सगळा भार या निवडीवर होता.

विरोध कोणी केला?

मौलमेन आणि रंगूनच्या लाकूड व्यापाऱ्यांना ही मर्यादा जाचक वाटली. जंगल खासगी हातांत द्यावे यासाठी त्यांनी सरकारवर दबाव आणला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने काही प्रमाणात माघार घेऊन खासगी कंत्राटदारांना वाट मोकळी केली. मात्र झाडाची निवड आणि घेराची मर्यादा हे नियम टिकले.

डोंगरात फिरती शेती करणारे करेन लोक हा दुसरा प्रश्न होता. ते जंगलाचा तुकडा तोडून, जाळून भात पेरत आणि एक-दोन वर्षांनी पुढे सरकत. त्यात सागाची रोपे जळत. त्यांना हुसकावण्याऐवजी ब्रँडिस यांनी वेगळी वाट सुचवली. करेन शेतकऱ्यांनी भातासोबत सागाचे बी लावायचे, त्याचा मोबदला घ्यायचा आणि शेत सोडून जाताना मागे सागाचे रोपवन ठेवायचे. डोंगरशेतीसाठीच्या बर्मी शब्दावरून या पद्धतीला टाँग्या हे नाव पडले आणि ती पुढे अनेक देशांत गेली. यात सरकारला स्वस्तात रोपवन मिळाले. करेन शेतकऱ्याला मात्र आपल्याच डोंगरातील साग मोठा झाल्यावर तोडण्याचा हक्क मिळाला नाही.

भारतात त्यांनी काय केले?

१८६४ मध्ये ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८६५ चा पहिला वन कायदा, विल्हेल्म श्लिश आणि बर्थोल्ड रिबेनट्रॉप या जर्मन वनाधिकाऱ्यांची नेमणूक, १८७८ मध्ये डेहराडूनची वनशाळा, अशी खात्याची घडी त्यांच्या काळात बसली.

१८७८ च्या वन कायद्यावेळी खात्यातच मतभेद झाले. जंगलावर सरकारचा पूर्ण ताबा असावा, असे बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचे मत होते. ब्रँडिस मधली बाजू घेत होते. मोलाची जंगले सरकारने राखावीत, पण गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत, असे त्यांना वाटे. देवराया लोकांनी किती निगुतीने राखल्या आहेत, याचीही त्यांनी दखल घेतली होती. कायद्यात ग्रामवनाचे कलम आले, पण प्रत्यक्षात फार थोडी ग्रामवने झाली. गावांच्या हातून चराई आणि सरपण गेले. महात्मा फुले यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वन खात्यावर टीका केली आहे, ती याच काळातली.

थिबा राजाचा या सागाशी काय संबंध?

रत्नागिरीचा थिबा पॅलेस अनेकांनी पाहिला असेल. थिबा हा उत्तर ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. त्याच्या राज्यातील सागाच्या तोडीचे कंत्राट मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होते. कंपनीने कबूल केल्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा आरोप ठेवून राजदरबाराने १८८५ मध्ये लाखो रुपयांचा दंड ठोठावला. ब्रिटिशांनी हे निमित्त करून युद्ध पुकारले आणि राज्य खालसा केले. थिबाला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले गेले आणि १९१६ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रँडिस यांची पद्धत उत्तर ब्रह्मदेशातही लागू झाली.

निवडक तोडीचे दूरगामी परिणाम काय झाले?

तोडीची फेरी पुढे ३० वर्षांची करण्यात आली. घेराची किमान मर्यादाही वाढली. दमट जंगलात ती साडेसात फूट आणि कोरड्या जंगलात साडेसहा फूट झाली. पहिल्या फेऱ्यांमध्ये उत्पन्न भरघोस आले, कारण शेकडो वर्षांत साठलेली थोराड झाडे उभी होती. ही पुंजी एकदाच मिळते. त्यानंतरच्या फेऱ्यांत जंगलाला नव्या वाढीवरच भागवावे लागते, आणि अडचणी तिथे सुरू झाल्या.

पहिली अडचण उजेडाची. सागाच्या रोपाला भरपूर ऊन लागते. मिश्र जंगलात एखादेच झाड काढले, तर वर पडलेली फट शेजारची झाडे लवकर बुजवतात आणि खाली बांबू माजतो. सागाची रोपे सावलीत खुरटतात. बांबूला एकदम फुलोरा येऊन तो मरतो, तेव्हाच त्यांना संधी मिळते.

दुसरी अडचण वणव्याची. वणवे पूर्ण रोखणे हे वन खात्याचे ब्रीद होते. पण दमट सागवनात त्यामुळे सावली आणि झाडोरा वाढला, सागाचे टणक बी रुजेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही भागांत वणवे रोखण्याचे काम थांबवावे लागले.

तिसरी अडचण प्रतीची. दर फेरीत सरळ आणि निकोप बुंधे काढले आणि वाकडी, पोकळ झाडे मागे ठेवली, तर पुढचे बी त्याच झाडांचे पडते. ओंडके ओढताना लहान झाडे मोडली, तर पुढच्या फेरीची भरतीही कमी होते. जंगल लांबून हिरवेच दिसते, पण त्यातील सागाचे प्रमाण आणि लाकडाचा दर्जा खाली येतो. म्हणूनच नियमात वाढत्या सागाभोवतीचा बांबू आणि दुय्यम झाडे काढण्याचे कामही होते. पण तोडीतून पैसा येतो, तर या सुधारणेवर खर्च होतो. त्यामुळे तोड वेळेवर झाली आणि सुधारणा मागे राहत गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस म्यानमारमध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तोड झाली आणि ३० वर्षे पुरी होण्याआधीच त्याच जंगलात पुन्हा कुऱ्हाड गेली. मोठ्या घेराचे उत्तम ओंडके दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. २०१६ मध्ये देशभर वर्षभरासाठी तोड थांबवली आणि ब्रँडिस यांनी जिथे साग मोजला त्या पेगू योमाच्या डोंगररांगांत दहा वर्षांची बंदी लागू केली.

ब्रँडिस यांचे पुढे काय झाले?

१८८३ मध्ये निवृत्त होऊन ते बॉनला परतले. तिथे त्यांनी तरुण वनाधिकाऱ्यांना मार्गदर्शन केले. अमेरिकेच्या वन सेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट त्यांना गुरू मानत. भारतीय वृक्षांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. २८ मे १९०७ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रासाठी हे का महत्त्वाचे?

चंद्रपूर-गडचिरोलीचा साग आजही नावाजलेला आहे. अयोध्येतील राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान पाठवण्यात आले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. राज्यातील अनेक वनविभागांच्या कार्य आयोजनेत आजही निवड आणि सुधारणा तोड असे दोन्ही शब्द एकत्र येतात. पेगूचा अनुभव सांगतो की यातला दुसरा शब्द वगळला, तर पहिला फार काळ टिकत नाही. आगारात किती घनमीटर लाकूड आले हा आकडा दरवर्षी मिळतो. त्याच कूपात लहान, मध्यम घेराची किती निकोप झाडे उभी राहिली, हे मोजले तरच पुढच्या फेरीला काय मिळणार ते कळते. ब्रँडिस यांच्या चार कांबींपैकी तीन त्या झाडांसाठीच होत्या.