डॉक्टर धर्मभगिनी मदर मेरी ग्लाउरी : गोरगरिबांच्या रुग्णालयाचा संसार

खेड्यापाड्यांतील रुग्णालय चालविणे हे मुळातच तोट्याचे काम आहे. औषधे शहरातून विकत आणावी लागतात, दिवाबत्ती आणि पगार दर महिन्याला द्यावेच लागतात. उलट रुग्णाच्या हाती पैसा येतो तो सुगीनंतर, आणि आजार काही सुगीची वाट पाहत नाही. अशा रुग्णालयाची घडी कशी बसवावी या प्रश्नाला ज्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, त्यांत मदर मेरी ग्लाउरी यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. व्रतस्थ जीवन जगत वैद्यकी करणाऱ्या त्या जगातील पहिल्या डॉक्टर धर्मभगिनी मानल्या जातात.

मेरी यांचा जन्म २३ जून १८८७ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात बिरेगुरा या गावी झाला. कुटुंब मूळचे आयरिश आणि श्रद्धावान. घरी रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होई आणि तीत धर्मगुरूंसाठी व डॉक्टरांसाठी विशेष विनवणी केली जाई. मेरी हुशार होत्या. शिष्यवृत्तीच्या बळावर त्या मेलबर्न विद्यापीठापर्यंत पोहोचल्या आणि १९१० साली वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. स्त्री डॉक्टर ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. न्यूझीलंडमधील उमेदवारीनंतर त्या मेलबर्नला परतल्या. रुग्णालयातील नेमणूक, स्वतःचा दवाखाना आणि समाजात मान असे सर्व काही त्यांना लाभले.

१९१५ साली एक लहानशी पुस्तिका त्यांच्या हाती पडली. तिचा विषय होता डॉ. अॅग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटिश स्त्री डॉक्टरचे कार्य. पडद्यात राहणाऱ्या हिंदी स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नाहीत आणि त्यामुळे असंख्य माता व बालके उपचारावाचून मृत्युमुखी पडतात, हे मॅक्लॅरेन यांनी ओळखले होते. त्यांच्याच प्रयत्नांतून रावळपिंडी येथे स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय सुरू झाले होते. पुस्तिका वाचून मेरींना आपले पाचारण गवसले. मात्र त्या घाईने निघाल्या नाहीत. १९१६ साली कॅथोलिक स्त्रियांच्या समाजसेवी संघाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि पुढील अभ्यास करून १९१९ साली त्यांनी प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग व नेत्ररोग या विषयांत एम.डी. ही पदवी मिळवली. हिंदुस्थानात ज्याची निकड होती, नेमके तेच त्या शिकल्या.

जानेवारी १९२० मध्ये त्यांनी मायदेश सोडला. त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील गुंटूर येथे येशू, मेरी व जोसेफ संघाच्या डच धर्मभगिनींमध्ये त्या सामील झाल्या आणि सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट झाल्या. येथे एक अडचण होती. त्या काळच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार व्रतस्थांना विशेष परवानगीवाचून वैद्यकी करता येत नसे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मेरींना ती परवानगी दिली. धर्मभगिनींना प्रसूतीसह सर्व वैद्यकीय सेवेची सर्वसाधारण मोकळीक रोमने दिली ती पुढे १९३६ साली.

गुंटूरमध्ये लुथरन मिशनच्या डॉ. अॅना कुगलर यांचे स्त्रियांसाठीचे रुग्णालय आधीपासून उत्तम काम करीत होते. परंतु गरज एका रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची होती. सिस्टर मेरींनी आरंभ केला तो कॉन्व्हेंटमधील लहानशा दवाखान्यातून. त्यातूनच सेंट जोसेफ रुग्णालय उभे राहिले. त्या खेड्यांतही जात आणि दारी आलेल्या कोणालाही जात वा धर्म विचारीत नसत.

या कामाचा खर्च कोठून निघत होता, हे समजून घेण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील श्रद्धावंतांच्या देणग्या हा एक आधार होता. पण खरा आधार होता धर्मभगिनींचे विनावेतन श्रम. डॉक्टर व परिचारिका यांचा पगार हा कोणत्याही रुग्णालयाचा मोठा खर्च असतो. येथे तो व्रतस्थ जीवनाने उचलला होता. मात्र परदेशी भगिनींच्या संख्येवर साऱ्या परिसराचे आरोग्य अवलंबून ठेवता येणार नाही, हे सिस्टर मेरींनी वेळीच जाणले. म्हणून त्यांनी स्थानिक मुलींना परिचारिका, सुईणी व कंपाउंडर म्हणून तयार केले. स्वतः तेलुगू शिकल्या. देशी औषधांचाही त्यांनी अभ्यास केला, कारण जवळपास मिळणारी वनस्पती बोटीने येणाऱ्या औषधापेक्षा गरिबाला परवडत असे. गुंटूरमध्ये त्यांच्या कारकिर्दीत लाखो रुग्णांना उपचार मिळाले.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवस्थेची कसोटी पाहिली. १९४२ साली जावा बेट जपानच्या ताब्यात गेले आणि मलेरियावरील क्विनाइनचा प्रमुख पुरवठा तुटला. परदेशी मदतही अनिश्चित झाली. एकाकी पडलेले लहान रुग्णालय अशा वेळी किती दुबळे असते, हे उघड झाले. औषधांच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही, परिचारिका शिकवायला त्याच्याजवळ शिक्षक नसतात आणि सरकारदरबारी त्याचा आवाज पोहोचत नाही.

२९ जुलै १९४३ रोजी गुंटूर येथे सिस्टर मेरी व अन्य काही धर्मभगिनी एकत्र आल्या आणि कॅथोलिक हॉस्पिटल असोसिएशनची स्थापना झाली. अध्यक्षपद सिस्टर मेरींकडे आले. वेगवेगळ्या संघांच्या भगिनींनी आपापली रुग्णालये एका सूत्रात गुंफावीत आणि देशात एक कॅथोलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे, ही त्यांची तळमळ होती. खेड्यात जाण्यास तयार असणारे डॉक्टर घडल्याखेरीज खेड्यातील इमारती ओसच राहणार, हे त्यांना कळत होते.

ते महाविद्यालय पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कर्करोगाच्या वेदना सोसत ५ मे १९५७ रोजी बंगळुरू येथे त्यांनी देह ठेवला. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६३ साली, त्याच शहरात सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील पदवीधरांनी काही काळ वैद्यकीय सेवा तोकड्या असलेल्या भागात घालवावा, अशी अट आहे. त्यांनी स्थापलेल्या असोसिएशनशी आज देशभरातील साडेतीन हजारांच्या आसपास संस्था जोडलेल्या असून त्यांतील बऱ्याच संस्था म्हणजे ग्रामीण भागातील छोटे दवाखाने आहेत. २०१३ साली ख्रिस्तसभेने मदर मेरींना ईश्वरसेविका म्हणून घोषित केले.

आज मात्र चित्र पालटले आहे. व्रतस्थ जीवनाकडे वळणाऱ्या मुली घटल्या आहेत, यंत्रे महागली आहेत आणि परदेशी देणग्या आटल्या आहेत. विनावेतन श्रमांवर उभा असलेला तो जुना हिशोब आता जुळत नाही. फी वाढवावी तर गरीब दाराबाहेर राहतो, न वाढवावी तर दार बंद करावे लागते. या पेचावर मदर मेरींनी तयार उत्तर ठेवलेले नाही, परंतु वाट दाखविली आहे. स्थानिक माणसे घडवावीत, हाताशी असलेल्या साधनांचा मान ठेवावा आणि एकट्याने न झुंजता एकत्र यावे. आपल्या धर्मप्रांतातील आरोग्यसेवेत राबणाऱ्या भगिनींचे व डॉक्टरांचे स्मरण करताना, त्यांचा भार आपण कितीसा उचलतो, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा.