ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

आपल्या हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी घ्या, सेनगाव घ्या नाहीतर औंढा, गावोगावी अंगणवाडी आहे. पण ही कल्पना आली कुठून, याचा कधी विचार केलाय? त्यामागे एका बाईंचं अख्खं आयुष्य आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली केळकरांच्या घरी झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीत संसार मांडला, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. त्या काळात एकट्या बाईनं उभं राहणं सोपं नव्हतं. तरी राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयात त्या प्राचार्या झाल्या. ही मानाची नोकरीही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई तिथे माँटेसरींच्या विचारांवर बालमंदिर चालवत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

पण खेड्यातल्या गरीब मुलाचं काय? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, तरी आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरं राखत होतं. मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. ती झाली अंगणवाडी! गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

या कामातून मुलाच्या वाढीबद्दल आपण काय शिकायचं?

बौद्धिक विकास : महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन झालं. मूल हाताळतं, लावतं, मोजतं, तेव्हा त्याची बुद्धी चालते. आपल्याकडे चिंचोके आहेत, सोयाबीनचे दाणे आहेत, हळकुंडं आहेत. अजून काय पाहिजे? फक्त लहानगं दाणा नाका-तोंडात घालणार नाही, एवढी नजर ठेवा.

सामाजिक विकास : आधी अंघोळ, वेणीफणी, मग गाणी, गोष्टी, खेळ. आपली पाळी येईपर्यंत थांबणं आणि वाटून घेणं मूल अशा सोबतीतच शिकतं.

भावनिक विकास : मार नाही, भीती नाही, बक्षिसाची लालूच नाही. भ्यालेलं मूल गप्प बसतं, आणि आपल्याला वाटतं शिस्त लागली!

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ पासून, एकात्मिक बालविकास योजनेतून देशात अंगणवाड्या सुरू झाल्या. ते पाहायला त्या नव्हत्या.

पालकहो, तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन अंक गिरवायची घाई करू नका. बोटं अजून कोवळी असतात. त्याला मातीत खेळू द्या, प्रश्न विचारू द्या. आणि गुरुजनहो, एखादं मूल शाळेत येत नसेल, तर हजेरीत गैरहजर लिहून थांबू नका. एकदा त्याच्या अंगणात जाऊन बघा. घरी कोण आहे, ते काय करतंय, हे कळलं की पुढचा रस्ता सापडतो.